सुधारलेलं तोंड

परशुराम वायंगणकर मास्तरांनी उभ्या जन्मात कोणाची काडी उचलली नाही. शेजारणीच्या झाडाचा पेरू आपल्या अंगणात पडला तरी आधी हाक मारून विचारतील, असला माणूस. ठाण्याच्या नौपाड्यात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा शोधूनही सापडला नसता. आणि तरी हाच माणूस चोपन्न सालच्या डिसेंबरनंतर भाजीची टोपली घेतलेली ठमाबाई लांबून दिसली, की दुसऱ्या गल्लीत शिरायचा. का, ते सांगतो. त्यांनी स्वतः कोणाला सांगितलं नाही, पण अशा गोष्टी पोटात राहतात थोड्याच!

मास्तर मूळचे मालवणकडचे. मुंबईला चित्रकलेच्या शाळेत शिकले, शिल्पकार व्हायचं मनात घेतलं, आणि झाले ठाण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. आता ह्यात रडण्यासारखं काही नाही, बहुतेकांचं तेच होतं. पोरांकडून फुलदाण्या आणि फुलपाखरं काढून घ्यायची, परीक्षेला बसवायचं, पगार आणायचा. पण हाताला मातीची सवय लागलेली. हात शिवशिवायचे. म्हणून बावन्न साली हेडमास्तरांच्या हातापाया पडून त्यांनी शाळेची मागची पडवी मागून घेतली आणि दारावर पाटी लावली: 'हौशी प्रौढांसाठी मातीकाम. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा. पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही.'

पूर्वज्ञान नसलेले लोक भराभर आले. वकिलांच्या विमलाबाई आल्या. त्या महिला मंडळाच्या चिटणीस होत्या आणि नौपाड्यात कुठंही काही नवीन निघालं की पहिलं नाव त्यांचं. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यातला दौलत फिटर आला. सगळा आठवडा लोखंडाशी झटापट करून रविवारी कल्याणहून गाडी पकडून माती मळायला यायचा, आणि वर म्हणायचा, "मास्तर, ही ऐकते तरी. आमचं मशीन ऐकत नाय." एक पेन्शनर तलाठी यायचे, ते दोन वर्षं एकच बैल करत होते. अजून पाच-सहा जण. कोणी आंबा करायला घ्यायचा आणि पपई उठायची. हशा, चहा, चिखल, सगळं असायचं. मास्तरांचा आठवडाभराचा जीव त्या तीन तासांत असायचा.

आता मास्तरांची एक खोड. ते फेरी मारायचे, प्रत्येकाच्या पाटापाशी थांबायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "बघू." एकदा 'बघू' म्हणाले की समजायचं. अंगठा इथं, कोरणीचं टोक तिथं, दोन मिनिटांत आंब्याला आंब्याचा खांदा यायचा, पोपटाला चोच यायची. ह्याला वर्गात 'हात फिरवणं' म्हणत. मास्तरांनी हात फिरवला की माणूस धन्य. विमलाबाईंनी घरी दिवाणखान्यात जो पोपट मांडला होता, त्यात विमलाबाईंची फक्त शेपटी होती. पण सांगणार कोण? त्यांना आनंद, मास्तरांना आनंद. दौलतच काय तो खवचट. एकदा फळीवर ओळीनं ठेवलेली सगळ्यांनी केलेली छोटी मातीची डोकी बघून म्हणाला, "मास्तर, आपल्या वर्गात सगळी एका आईची लेकरं जन्माला येतात. नाक बघा ना, सगळ्यांचं एकच." लोक खो खो हसले. मास्तरही हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं!

ठमाबाई वर्गात आली ती मातीबरोबर. पहिल्या वर्षी मास्तर माती कुठून तरी आणत आणि ती वाळली की फुटायची. खाडीकाठच्या कोलशेतची ठमाबाई नौपाड्यात दारोदार भाजी घालायची, कधी सुकट, कधी खाडीची मोठी कोळंबी. पन्नाशीची बाई, नवरा काळुराम मिठागरावर, स्वतःचंही अर्धं आयुष्य मिठागरात मीठ ओढण्यात गेलेलं. एका रविवारी पडवीवरून जाताना ती थांबली आणि मास्तरांना सरळ म्हणाली, "मास्तर, या कसली माती मलताव? या त फुटंलच. आमचे तल्याची काली माती बगा, लोन्यासारकी." पुढच्या रविवारी टोपलीत भाजीखाली ओल्या पाल्यात गुंडाळून तिनं मातीचा गोळा आणला. मास्तरांनी हातात घेतला आणि खूश होऊन गेले. तेव्हापासून वर्गाला माती कोलशेतची.

माती टाकून ती लगेच जायची नाही. उंबऱ्यावर बसून बघायची. पदर तोंडाला लावून हसायची. असे पाच-सहा रविवार गेले, आणि एके दिवशी मास्तर हात धूत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"मास्तर, मना येक तोंड कराचा हाय. जमंल का?"

"कोणाचं तोंड, ठमाबाई?"

"आमचे आनंदाचा. पोऱ्याचा माजे." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "पाच वर्सा जाली. पायात शिंपला घुसला मिठागरात, धनुर्वात जाला. चार दिसांत गेला. येकोनीस वर्साचा व्हता. फोटू नाय काडला कदी. त्याची पोरगी त्याचे मागारी जाली, लक्षुमी. आज्ये, माजा बा कसा व्हता, इचारते. काय सांगू तिना? कसा सांगाचा?"

मास्तरांनी हात पुसले. ते म्हणाले, "बसा. आजच बसा." त्यांनी स्वतः लाकडी खुंट ठोकून दिला, त्यावर काथ्या गुंडाळून दिला, माती कशी चढवायची ते दाखवलं. चेहऱ्याच्या मधोमध गवंड्यानं ओळंबा धरल्यासारखी सरळ रेघ कशी घ्यायची, दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा कशी सोडायची, कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत कसा येतो, सगळं सांगितलं. इथवर मास्तरांचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. इथवर ते देवमाणूस होते.

ठमाबाईनं ऐकून घेतलं सगळं, आणि केलं आपलंच. ती डोळे मिटायची, बोटं मातीवर ठेवायची, आणि आंधळ्यासारखी चाचपत जायची. पोराला न्हाऊ घालताना, तेल लावताना जी बोटं त्या तोंडावरून फिरली होती, तीच ही बोटं. तीच तिची मोजपट्टी. केलेलं पसंत पडलं नाही की एका बुक्कीत सपाट. पुन्हा पहिल्यापासून. एकदा मास्तर सवयीनं "बघू" म्हणत पुढे वाकले, तर तिनं त्यांच्या हातावर फाटकन चापट मारली.

"तुमी कुटं बगला व्हता त्याला?" ती म्हणाली.

मास्तर "बरं बरं" करत हसले, पण कुठंतरी लागलं त्यांना. दोन वर्षांत त्या पडवीत त्यांचा हात कोणी नाकारला नव्हता. आणि नाकारला कोणी, तर अक्षरशत्रू बाईनं. असं त्यांनी मनात म्हटलं, हो. चांगली माणसं मनातही चांगलंच बोलतात असं थोडंच आहे?

चौदा रविवार ती बसली. चौदाव्या रविवारी काय झालं ते दौलतनं समोरून पाहिलं. ठमाबाईनं डाव्या डोळ्याखाली अंगठा दाबला, काढला, आणि तशीच थांबली. डोळे उघडले. मागे सरकून बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आयला." कोणीतरी दारातून आत यावा आणि आपण म्हणावं, आला, तसं. पदर तोंडात कोंबून रडली थोडा वेळ. विमलाबाईंनी पाठीवर हात ठेवला. मग नाक पुसून ती उठली आणि ओलं फडकं त्या डोक्यावर घालता घालता म्हणाली, "मास्तर, योच हाय. आता कोनी हात लावू नका. फडका तेवडा वला ठेवा रोज. पुडचे आयतवारी लक्षुमीला आनते."

मास्तर तेव्हा तलाठ्यांच्या बैलाच्या वशिंडात गुंतले होते. "हो, हो," म्हणाले. येऊन पाहिलंही त्यांनी. फडकं उचललं, मान तिरकी केली, आणि त्यांच्या डोळ्यांना काय दिसलं? डावा डोळा उजव्यापेक्षा लहान. नाक ओळंब्यातून ढळलेलं. उजवा कान फुटकन बाहेर आलेला, घडा उचलायला धरावा तसा. खालचा ओठ एका बाजूला उतरलेला. भुवई मध्येच तुटलेली. शाळेच्या वहीत अशा चित्राखाली त्यांनी लाल शाईनं पाच गोल केले असते.

पुढच्या रविवारी वर्गाचं पहिलं प्रदर्शन होतं. विमलाबाईंनी सगळी तयारी केली होती, बक्षिसंसुद्धा ठरवली होती. आणि मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा धाडस करून मुंबईला आपल्या जुन्या गुरुजींना पत्र टाकलं होतं, प्रमुख पाहुणे म्हणून या म्हणून. येणार नाहीत अशी खात्रीच होती. शनिवारी दुपारच्या टपालानं उत्तर आलं, येतो. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. वीस वर्षांनी गुरुजी भेटणार आणि मी काय दाखवणार? पपया आणि पोपट?

शनिवारी उन्हं कलल्यावर मास्तर एकटेच पडवीत मांडामांड करत होते. बैल इकडे, पोपट तिकडे. पोपटाच्या डोळ्यावर हात फिरवला. आंब्याच्या देठावर फिरवला. असं करत करत ठमाबाईच्या डोक्यापाशी आले, पाणी शिंपडायला फडकं काढलं, आणि उभे राहिले. बाकी सगळ्यांत एवढं एकच मोठं काम. गुरुजी सगळ्यात आधी ह्याच्याकडेच येणार. आणि हा कान बघणार! म्हणणार, वायंगणकर, कान शिकवत नाहीस का रे?

कान तेवढा, मास्तर स्वतःला म्हणाले. कान म्हणजे काय, कानानं का चेहरा बदलतो? कोणाला कळणारही नाही. त्यांनी अंगठ्यानं कान हलकेच मागे दाबला. माती काय सुरेख ऐकत होती! कान बसला जागेवर. मग कान बसल्यावर डोळा जास्तच लहान दिसायला लागला. मग डोळा. डोळा उघडल्यावर नाक वाकडं वाटायला लागलं. नाक. एकदा नाक सरळ झालं की ओठाला तसं ठेवून कसं चालेल? तुम्ही कधी भिंतीवरचा एक डाग पुसायला घेतला असेल तर तुम्हाला ठाऊक आहे. भुवईची खाच त्यांनी सगळ्यात शेवटी बुजवली आणि वर करंगळी फिरवली. आणि खोटं कशाला बोला, त्या तासाभरात मास्तर इतके सुखात होते की विचारू नका. वर्षानुवर्षांनी हातांना हवं ते काम मिळालं होतं. तिची ती चापट त्यांना आठवत होती का? होती. म्हणूनच तर हात थोडा जास्त फिरला. पण हे त्यांना पुढं कळलं. तेव्हा वाटत होतं, आपण त्या बाईवर उपकार करतोय, बिचारीला बक्षीस मिळेल.

रविवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. विमलाबाईंनी दाराला आंब्याची पानं बांधली होती. गुरुजी आले, पांढरे झालेले, काठी टेकत. सगळं बघत बघत त्या डोक्यापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे कोणाचं?"

"आमच्या ठमाबाईंचं," विमलाबाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. "शाळेचं तोंड पाहिलं नाही हो त्यांनी!"

"शिकलेलं नाही? काय सांगता! काय प्रमाण आहे!" गुरुजींनी मास्तरांच्या खांद्यावर थाप मारली. "वायंगणकर, शिकवावं तर असं."

मास्तर नुसते नम्रपणे हसले. छाती मात्र फुलली. तेवढ्यात दारात ठमाबाई दिसली. नवं हिरवं लुगडं, डोक्याला फूल, आणि हाताला धरून पाच वर्षांची पोर. परकर-पोलकं घातलेली, केस तेल लावून चप्प बसवलेले. मास्तरांनी पोरीकडे पाहिलं.

पोरीचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान होता. उजवा कान बाहेर आलेला. हसली, तेव्हा खालचा ओठ एका बाजूला उतरला.

म्हणजे त्या चुका नव्हत्या. तो पोरगा होता.

ठमाबाईनं लक्ष्मीला गर्दीतून पुढं नेलं. पोर टाचा उंचावून बघत होती. पोरी तिला कानावरून चिडवायच्या आणि आजी सांगायची, तुज्या बाचापन आसाच व्हता, चल तुना दावते. ती कान बघायलाच आली होती. तिनं डोक्याला एक फेरी घातली आणि म्हणाली, "आज्ये, याचा कान त बरा हाय. माज्यासारका नाय."

ठमाबाई बघत होती. किती वेळ ते मास्तरांना सांगता आलं नसतं. मग तिनं मान फिरवली आणि गर्दीत मास्तरांना शोधून काढलं. ती चिडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर फक्त विचारणं होतं, जसं काही ती एखादी वस्तू ठेवून गेली होती आणि आता ती जागेवर नव्हती. मास्तरांनी नजर खाली घातली.

आता तरी बोलायचं ना! एक वाक्य. हे मी बिघडवलं, हिनं केलेलं वेगळं होतं. गुरुजी समोर, विमलाबाई समोर, सगळे जमलेले. मास्तरांच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याच क्षणी गुरुजींनी काठी वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं की पहिलं बक्षीस ह्या माउलीला. टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या वाजल्यावर बोलायचं धैर्य मास्तरांच्यात नव्हतं. तेही टाळ्या वाजवत राहिले.

लक्ष्मीनं आजीचा पदर ओढला. "यो माजा बा हाय?"

ठमाबाईनं बक्षिसाचा पितळी डबा काखेत घेतला होता. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "व्हय गो. योच."

घरी जाताना तिनं ते डोकं टोपलीत ठेवलं, फडक्यानं झाकलं. टोपली डोक्यावर चढवायला दौलतनं हात लावला. परत येऊन तो मास्तरांच्या जवळ उभा राहिला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ते तोंड मी पाह्यलेलं, मास्तर. हे ते नाय."

"जरा सफाई केली रे," मास्तर म्हणाले.

दौलतनं आपली कोरणी पिशवीत टाकली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ठमाबाईही वर्गाला यायची थांबली. भाजी घालायला यायची, पण पडवीकडे फिरकायची नाही. आणि मास्तर? मास्तर तिला लांबून बघून गल्ली बदलू लागले. वर्गात विमलाबाई "मास्तर, जरा हात फिरवा ना" म्हणाल्या की ते हात मागे बांधून म्हणायचे, "तुमचं तुम्ही करा." घरी ताटावर बसले की घास तोंडात फिरत राहायचा. बायको नंदा विचारून थकली. काय सांगणार? मी एका बाईचा मेलेला मुलगा पुसून टाकला, असं जेवताना सांगतात? शाळेत पोरांच्या चित्रांवर लाल शाईचा गोल काढायला गेले की हात अडायचा. हे त्या पोराला खरंच असं दिसलं असेल तर? नुसती लाज असती तर महिन्याभरात बोथट झाली असती. ही लाज नव्हती. जे गेलं ते भरून येणार नव्हतं, आणि ते फक्त त्यांना आणि दौलतला ठाऊक होतं. आणि ठमाबाईला.

संक्रांत झाली आणि मास्तरांना राहवेना. हेडमास्तरांची सायकल मागून ते कोलशेतला गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. तिच्या घरापाशी पोचले तेव्हा ठमाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. काळुराम मिठागरावर, लक्ष्मी पोरींबरोबर तळ्यावर. आत देवळीत ते डोकं होतं. वाळून फिक्कं झालेलं, मानेपाशी एक चीर गेलेली. गळ्यात झेंडूच्या फुलांची माळ. सरळ नाकाचं, सारख्या डोळ्यांचं, कोणाचंच नसलेलं तोंड.

"या, मास्तर," ती म्हणाली. पाणी दिलं. चहा टाकते म्हणाली. मास्तरांनी पाण्याला हात लावला नाही.

"ठमाबाई, मी केलं ते," ते एका दमात म्हणाले. रस्त्यात जुळवलेलं सगळं विसरले होते. "शनिवारी संध्याकाळी. तुम्ही नको म्हणाला होतात तरी केलं. मला वाटलं चुका आहेत. मला माफी नको. पण तुम्ही पुन्हा करा. एकदा जमलंय, पुन्हा जमेल. मी माती मळून देईन. तिकडे बघणारसुद्धा नाही. आणि लक्ष्मीला मी स्वतः सांगतो, हा तुझा बाप नव्हे, मी बिघडवला."

"तिना काय सांगू नका." ठमाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज फुला घालते ती. शाळंत काय जाला ते सांगते त्याला. येकदा मेलाच तिचा बा. आता परत मारताव काय?"

मास्तर चूक निस्तरायला आले होते, तर ती निस्तरायची वाटही बंद झाली. आता हे खोटं त्यांनी आणि तिनं मिळून सांभाळायचं होतं, त्या पोरीसमोर, जन्मभर.

ठमाबाई उठली. परसात नेऊन तिनं भिंतीकडेला दाखवलं. मातीचे सात-आठ गोळे पडले होते, कोणाला नाक, कोणाला हनुवटी, सगळे बुक्कीनं चेपलेले.

"बसले व्हते मी," ती म्हणाली. "तुमी सांगाचे आदीच. रोज बसले. पन डोले मिटले का तुमचाच यतो, मास्तर. यो सादा, चांगला. बोटा फिरवते त तीबी तुमचेच वाटंनी जातान. पाच वर्सा माजे जवल व्हता तो. फोटू नव्हता तरी व्हता. आता नाय."

मास्तर तिथंच परसातल्या दगडावर मटकन खाली बसले. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मोठा माणूस असा रडताना बघून शेजारची कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई आत निघून गेली. ठमाबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिला त्यांची दया आली होती की नाही, कोणास ठाऊक. तिला वेगळंच काही सुचलं होतं.

"मास्तर, तुमी त बगला व्हता त्याला. मोडाचे आदी. तुमचे डोल्यांत आसंल ना? सांगा मना. कसा व्हता?"

मास्तरांनी मान वर केली. हो, आठवत होतं! लख्ख आठवत होतं. निदान एवढं तरी ते देऊ शकत होते.

"डावा डोळा लहान होता," ते म्हणाले. "उजव्यापेक्षा."

ठमाबाईनं डोळे मिटले. "व्हय."

"उजवा कान बाहेर आलेला. वरचा भाग जास्त, पाळी कमी."

"व्हय, व्हय. आनि?"

"नाक डावीकडे कललेलं. शेंड्यापाशी."

"झाडावरशी पडला व्हता. आनि?"

"खालचा ओठ उजव्या बाजूला उतरलेला. भुवईत खाच, ह्या इथं."

ठमाबाईच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. दोन्ही हात तिनं समोर हवेत धरले होते, बोटं थोडी वाकवून, आत काहीतरी धरल्यासारखी. "आनि?" ती म्हणाली. "हसता व्हता का रागात व्हता? तिन्नीसांजेला घरा यवून मना सांगाचा, तसा कायतरी बोलाला आला व्हता ना तो त्या दिसी? कसा दिसत व्हता, मास्तर?"

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, आणि सांगायला काही नव्हतं. पाच गोष्टी होत्या. पाच लाल गोल. चौदा रविवार त्या तोंडासमोरून ते ये-जा करत होते आणि चुका तेवढ्या त्यांच्या नजरेत भरल्या होत्या. तो हसत होता की रागात होता, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

ठमाबाई डोळे मिटून तशीच बसून होती.

"आनि?" तिनं पुन्हा विचारलं.